हेळव्याच्या चोपडीतली खोटी ओळ

पाकिटातून हिरव्या काचेचा एक तुकडा निघाला. माझ्या करंगळीच्या नखाएवढा. त्याच्या एका कडेला तपकिरी डाग होता. पोलीस निरीक्षक नसरीन मुजावर माझ्या टेबलासमोर उभ्या होत्या. बसा म्हटलं तरी बसेनात.

"एवढ्यावर जमेल का, ते आधी सांग."

"किती जुनं रक्त आहे?"

"अठ्ठावीस वर्षं. २००९ सालचं."

"जमेल!"

मी इतक्या पटकन म्हणाले की त्यांनी माझ्याकडे संशयानं पाहिलं. पण माझे हात खरंच शिवशिवत होते. मिरजेच्या आमच्या प्रयोगशाळेत आम्ही चार जण दोन वर्षं ज्यासाठी खपलो, ते काम आज पहिल्यांदा पायानं चालत दारात आलं होतं.

प्रकरण मला ठाऊक होतं. कवठसर तालुक्यात वाढलेल्या माझ्या वयाच्या प्रत्येक मुलीला ठाऊक होतं. २००४ ते २००९ या काळात आमच्याकडे पाच बायका मारल्या गेल्या. पाचही जणी भर दुपारी, एकट्या, शेतातल्या वाटेनं निघालेल्या. कुणी अंगणवाडीतून घरी, कुणी माहेरी. शेवटची सुनंदा पाटोळे. ती आरोग्यसेविका होती, लसींची पेटी खांद्याला लावून हिरेवाडीकडे चालली होती. पाचही जणींचा गळा आवळला होता. सुनंदा मात्र झगडली. तिची बांगडी फुटली आणि मारणाऱ्याच्या हातात घुसली.

चार दिवसांत पोलिसांनी माणूस पकडला होता. दुर्गाप्पा वडर, शेजारच्या मळ्यात विहीर खणणारा. एका साक्षीदारानं त्याला त्या वाटेवर पाहिलं होतं. दुर्गाप्पानं कबुली दिली, मग ती मारहाण करून घेतली म्हणून नाकारली. जन्मठेप झाली. बांगडीवरचं रक्त तेव्हाही तपासलं होतं, पण अहवालात 'निष्कर्ष काढता येत नाही' एवढंच आलं. आणि दुर्गाप्पा आत गेल्यावर खून थांबले. मग शंका कोण घेणार?

"हा माणूस दर वर्षी एक अर्ज पाठवतो," नसरीनबाई म्हणाल्या. "अठ्ठावीस अर्ज वाचले मी. प्रत्येकात दोनच वाक्यं. मी मारलं नाही. बांगडीवरचं रक्त परत तपासा. एकदाही चिडून लिहिलेलं नाही ग. मला त्याचीच लाज वाटली."

सहाव्या दिवशी मी त्यांना फोन केला. रक्त पुरुषाचं होतं आणि दुर्गाप्पाचं नव्हतं. तोच पुरुष आणखी दोघींच्या जपून ठेवलेल्या कपड्यांवरही सापडला. मी खुर्चीतून उठून नाचायचीच बाकी होते. पण सरकारी वकिलांनी उत्साहावर पाणी ओतलं. रक्त दुसऱ्याचं असेल, म्हणजे दुर्गाप्पाला साथीदार असेल. तो निर्दोष कसा? खरा माणूस आणा, मग बोलू.

कोर्टानं आम्हाला नातेवाइकांमार्फत शोध घ्यायला साठ दिवस दिले.

औषधाचा डोस माणसाच्या डीएनएवरून ठरायला लागल्यापासून घरटी कुणाची ना कुणाची तपासणी झालेली असते. त्यातले हौशी लोक 'नातेशोध' नावाच्या नोंदवहीत नाव घालतात आणि हरवलेले मावस-चुलत शोधतात. नाव घालताना एक चौकट येते: खुनाच्या तपासात माझी माहिती वापरायला हरकत नाही. तिथं खूण केलेल्यांचीच माहिती पोलिसांना बघता येते, तीही कोर्टानं सांगितलं तर. खुनी स्वतः त्या वहीत असायला हवा असं नाही. त्याचा चुलतभाऊ असला तरी पुरतं.

कारण डीएनए म्हणजे दोन लांब दोऱ्या समजा. एक आईकडून, एक बापाकडून. दर पिढीला या दोऱ्या कापल्या जातात, तुकड्यांची अदलाबदल होते आणि पुन्हा जोडल्या जातात. सख्ख्या भावांमध्ये लांबलचक तुकडे सारखे निघतात, चुलतभावांमध्ये कमी, त्यांच्या मुलांमध्ये आणखी कमी. सारखे तुकडे मोजले की नातं किती जवळचं ते कळतं. मग वंशावळ मांडायची आणि फांदीफांदीनं खाली उतरत माणसापर्यंत पोचायचं. परदेशात या रीतीनं जुने खुनी सापडले त्याला आता वीस वर्षं होत आली.

आपल्याकडे मात्र गाडी इथंच रुतायची. पिढ्यान् पिढ्या त्याच जातीत, त्याच वीस-पंचवीस गावांत सोयरिकी, आणि आमच्या भागात तर मामाच्या मुलीवर पहिला हक्क. त्यामुळे कधी तोंड न पाहिलेली दोन माणसंसुद्धा डीएनएत चुलतभाऊ निघतात. झाड शोधायला जावं आणि हाती जाळं लागावं.

आमच्या प्रोग्रॅमचं नाव आम्ही 'गोफ' ठेवलं होतं. गोफ खेळताना रंगीत दोऱ्या एकमेकींत विणल्या जातात, आणि खेळणारे उलट्या पावलांनी फिरले की सुटतात. आमचा गोफही तेच करायचा. जे सारखे तुकडे बारीक, ते जुन्या काळचे पीळ. जे लांब, ते ताजे. जुने पीळ वेगळे काढून ताजे तेवढे वाचायचे. कागदावर हे सोपं होतं. खऱ्या रक्तावर चालतं का, ते कुणालाच माहीत नव्हतं.

अकराव्या दिवशी दुपारी साडेतीनला गोफ सुटला. पडद्यावर दोनच दोऱ्या उरल्या. खुन्याचा बाप तुंगसरच्या चौगुले भावकीतला होता, कारण बापाकडूनच मुलाला मिळणारा डीएनएचा भाग तिथल्या पुरुषांशी जुळत होता. आणि त्याची आई हिरेवाडीच्या मगदुमांची लेक होती. दोन गावं, दोन भावक्या! प्रयोगशाळेत आम्ही इतका ओरडा केला की खालच्या मजल्यावरची माणसं वर आली.

नसरीनबाईंनी विचारलं, "चौगुल्यांचा मुलगा आणि मगदुमांची मुलगी, असं लग्न कुठल्या घरात झालं, हे कोण सांगेल? सरकारी नोंदी तर त्या काळच्या अर्ध्याच आहेत."

मला उत्तर माहीत होतं. ते माझ्या घरात होतं, पत्र्याच्या पेटीत, लाल कापडात बांधलेलं.

आम्ही हेळवी. माझा बाप, आजा, पणजा, सगळे बैलावर बसून गावोगाव जायचे आणि घरासमोर थांबून त्या घराची वंशावळ म्हणून दाखवायचे. मूळ पुरुष कुठून आला, त्याला मुलगे किती, कुठली शाखा कुठल्या गावी गेली. नवं मूल झालं असलं की चोपडीत लिहून घ्यायचे. बैल म्हातारा झाल्यावर माझ्या वडिलांनी, आप्पांनी, बॅटरीवरची तीनचाकी घेतली आणि बैलाच्या गळ्यातली घंटा तिच्या हँडलला बांधली. पण फेरी सोडली नाही. मी अनुवंशशास्त्र शिकायला गेले तेव्हा ते सगळ्यांना सांगत होते, "पोरगी बापाचाच धंदा करती, फक्त मोठ्या यंत्रावर."

मी घरी पोचले तेव्हा ते अंगणात चाकाला हवा भरत होते. मी एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी पंप खाली ठेवला.

"चोपडी मागाय आलीस?"

"दोनच घराण्यांची पानं आप्पा. मी स्वतः बघेन. पोलिसांच्या हातात देणार नाही."

"न्हाई."

"पाच बायका मेल्यात. एक माणूस अठ्ठावीस वर्षं फुकट आत आहे."

"ऐकलं मी. त्या लोकांनी हेळव्याला सांगितलंय लीला, पोलिसाला न्हाई. लेकीचं लगीन मोडलं, लेक दत्तक गेला, सगळं आमच्या म्होरं बोलत्यात. का? हितनं ते भाईर जाणार न्हाई म्हणून." त्यांनी छातीवर बोट टेकलं. "ही चोपडी माझी न्हाई. मी नुसता राखणदार."

मी खूप बोलले. नको ते बोलले. तुमच्या राखणीपायी एक खुनी सुखानं जेवतोय, असंही म्हणाले. आप्पांनी चाकाचं टोपण लावलं आणि आत गेले. दोन दिवस आम्ही एकमेकांशी बोललो नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी घंटा वाजली. बाहेर येऊन पाहते तो आप्पा पटका बांधून तीनचाकीवर बसलेले.

"कुठं निघालात?"

"तुंगसरला. ज्यांची चोपडी हाय त्यांना इचारतो. हो म्हणली तर पानं तुझी."

मला वाटलं होतं, कोण हो म्हणेल? आपल्या भावकीत खुनी आहे हे शोधायला कोण मदत करेल? पण आप्पा सतरा दिवस फिरले. चौगुल्यांच्या एकोणीस घरांत, मगदुमांच्या चोवीस घरांत ते ओट्यावर बसून तेच बोलले. काहींनी पाणीही विचारलं नाही. एकानं तीनचाकीची हवा सोडली. पण तुंगसरच्या एका म्हाताऱ्या चौगुल्यानं सगळ्यांदेखत सांगितलं, "आमच्यातलाच असंल तर आम्हालाच कळू द्या की. रोज एकमेकाकडं संशयानं बघत जगायचं का?" त्यानंतर वारं फिरलं. माणसं स्वतःहून तपासणी करून घ्यायला मिरजेला येऊ लागली. एका दिवसात सोळा जण! कापसाच्या काड्या संपल्या आणि मी दुकानात धावत गेले.

लाल कापड सुटलं. मी पानं वाचत गेले, गोफ दोऱ्या जुळवत गेला. चौगुले आणि मगदूम यांच्यातलं लग्न चोपडीत एकच होतं. त्या जोडप्याला दोन मुलगे. एक लहानपणीच वारला होता. दुसरा स्वतः येऊन नमुना देऊन गेला होता. तो खुनी नव्हता. योग्य वयाचा प्रत्येक चौगुले मी तपासला, किंवा त्याच्या भावावरून वगळला. छप्पन्नावा दिवस उजाडला आणि माझ्या पडद्यावर माणसाच्या जागी एक भोक उरलं. या जागी कुणीतरी जन्मला होता. तो चोपडीत नव्हता.

मगदुमांच्या पानावर मुलग्यांची नावं ओळीनं लिहिली होती. मुलींच्या जागी नुसतं 'लेकी तीन'. 'लेकी दोन'. आकडे. मी चिडून चोपडी मिटली.

"आप्पा, ह्या लेकींना नावं नव्हती का?"

आप्पांनी मिटलेल्या चोपडीवर हात ठेवला. त्यांचा चेहरा असा कधी पाहिला नव्हता.

"ह्या चोपडीत एक ओळ खोटी हाय," ते म्हणाले. "एकच. माझ्या बापानं लिवली. चोपडी माझ्या हवाली करताना त्यानं मला सांगितलं, आन् मी कुणाला सांगायचं न्हाई म्हणून शपथ घातली."

"कुठली ओळ?"

"ते मी सांगणार न्हाई. ते गुपित एका बाईचं हाय. तिला इचारतो. ती हो म्हणली तर तीच सांगंल. चल, बस गाडीत. आन् कुठं चाललो ते पोलिसबाईला कळवायचं न्हाई."

फोनवर नसरीनबाईंचं नाव दोनदा चमकलं. मी तो बंद केला. नोकरी लागल्यापासून पहिल्यांदाच मी तपास अधिकाऱ्याला अंधारात ठेवत होते, आणि तरी मनातून मी उडत होते. चार दिवस हातात होते आणि माझ्यासमोर रस्ता होता.

तासाभरानं आम्ही सीमेजवळच्या एका बेदाण्याच्या शेडपाशी थांबलो. जाळ्यांवर द्राक्षं वाळत होती, सगळीकडे गोड-आंबूस वास. एक म्हातारी खाली बसून बेदाण्यातल्या काड्या निवडत होती. सत्त्याहत्तर वर्षांची, सडपातळ. तिचं नाव तानूबाई, हिरेवाडीच्या मगदुमांची लेक. तिचा मुलगा आणि सून द्राक्षं विकायला तासगावला गेले होते. आप्पा तिच्यासमोर मातीत बसले.

"तानूबाई, तुमची एक गोष्ट माझ्या बापानं माझ्यापाशी ठेवली. तीस वर्षं मी तोंड उघडलं न्हाई. आजबी तुमच्या परवानगीबगर उघडणार न्हाई. नको म्हणालात तर ह्या पोरीला घिऊन मी उठतो."

तिचे हात थांबले. तिनं माझ्याकडे पाहिलं, आप्पांकडे पाहिलं, मग हलक्या आवाजात विचारलं, "त्यो जित्ता हाय न्हवं?"

मला सांगावं लागलं. पाच बायका, बांगडी, दुर्गाप्पा, गोफ. मी जितकं सोपं करता येईल तितकं केलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं. मग म्हणाली, "त्या बायकांची नावं सांग."

मी सांगितली. तिनं प्रत्येक नाव ओठातल्या ओठात म्हटलं.

"मी सतरा वर्सांची हुती," ती म्हणाली. "तुंगसरचा चौगुल्याचा पोरगा आमच्या मळ्यावर यायचा. पुढं त्यो सोलापूरला गेला, तिकडंच वारला. मला मावशीकडं ठिवलं. दोन दिस पाजलं मी बाळाला. तिसऱ्या दिवशी कवठसरच्या हेरवाड्यांनी न्हेलं, त्यांना मूल न्हवतं. हेळव्याला बोलावून त्यांच्या पोटचाच म्हणून लिवून घेतलं. शशिकांत ठिवलं म्हणून ऐकलं. परत मी बघिटलं न्हाई."

"अजून काही ठरलेलं नाही," मी घाईनं म्हणाले. "तुमची लाळ तपासली की कळेल. जुळलं नाही तर तो संशयातून सुटला."

"आन् जुळलं तर?"

मी खाली पडलेला एक बेदाणा उचलून पाटीत टाकला.

"त्या वडराला सोडतील?"

"सोडतील."

तिनं हातातले बेदाणे पाटीत टाकले, पदरानं तोंड पुसलं आणि माझ्याकडे वळली. "मग घे. कुठं लावायचा कापूस?"

खिशात मावणारं तपासणीयंत्र मी सोबत आणलं होतं. चाळीस मिनिटं लागतात. तेवढ्यात मी खटल्याची फाइल उघडून शशिकांत हेरवाडे हे नाव शोधलं, सहज, कुठं काही मिळतंय का म्हणून. आणि मी उभीच राहिले. साक्षीदार क्रमांक चार: शशिकांत हेरवाडे, वय बत्तीस, धंदा मोटरपंप दुरुस्ती. 'मी मोटारसायकलवरून जात असता आरोपी दुर्गाप्पा याला सदर वाटेवर घाईने चालताना पाहिले.'

तोच साक्षीदार! पाच वर्षं मळ्यामळ्यांतून भर दुपारी फिरायला ज्याला कुणी हटकलं नसतं, तोच! मी आप्पांना ते वाचून दाखवलं.

यंत्र वाजलं. बांगडीवरचं रक्त ज्याचं होतं, त्याच्या दोन दोऱ्यांपैकी एक अथपासून इतिपर्यंत तानूबाईंची होती. आई आणि मुलगा. शंकेला जागाच नव्हती.

मी काही बोलायच्या आत तिनं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं. ती रडली नाही. जाळीवर हात टेकवून नुसती उभी राहिली. मग म्हणाली, "तुमच्या पोलिसबाईला फोन लाव."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला, न्यायाधीशांचा हुकूम खिशात घालून आम्ही कवठसरच्या बाजारपेठेत होतो. 'हेरवाडे पंप आणि मोटर्स', तीन गाळ्यांचं दुकान, बाहेर गिऱ्हाइकांची गर्दी. शशिकांत हेरवाडे साठीचा, पांढऱ्या स्वच्छ शर्टातला, हसतमुख माणूस निघाला. नसरीनबाईंनी हुकूम दाखवला.

"जुन्या साक्षीदारांचीपण तपासणी का? घ्या की," असं म्हणून त्यानं तोंड उघडलं. मी काडी फिरवली. यंत्रावर चाळीस मिनिटांचा आकडा उलटा धावू लागला.

"चहा सांगू?" त्यानं विचारलं. मग माझ्या ओळखपत्राकडे वाकून बघत म्हणाला, "हेळवी? अरे वा! तुमचे वडील आमच्याकडं यायचे. आमची सात पिढ्यांची वंशावळ आहे त्यांच्याकडं. म्हणून दाखवा की थोडी. येत असेल ना तुम्हाला?"

गिऱ्हाइकंही कौतुकानं बघायला लागली. मला येत होती. पानच्या पान पाठ होतं. मूळ पुरुष सिद्धाप्पा, त्याचे मुलगे तीन, थोरल्याची शाखा कवठसरला. आणि शेवटची ओळ खोटी. ती मला ठाऊक होती आणि त्याला नव्हती. मी म्हणाले, "मी ते काम करत नाही."

"बापाचा धंदा सोडला?" तो हसला.

पंचविसाव्या मिनिटाला त्यानं घड्याळ पाहिलं. तिसाव्याला म्हणाला, मागच्या गोदामातून एक पार्ट घेऊन येतो. नसरीनबाई दाराच्या चौकटीत उभ्या राहिल्या. "चहा येतोय ना? थांबा." पस्तिसाव्या मिनिटाला त्याचं हसू गेलं. तो काउंटरमागे बसला आणि आपल्या उजव्या तळहाताकडे बघू लागला. बाहेर कुणीतरी पाण्याची मोटर चालू करून पाहत होतं.

यंत्र वाजलं. मी आकडा दोनदा वाचला आणि नसरीनबाईंकडे बघून मान हलवली.

"शशिकांत हेरवाडे," त्या म्हणाल्या, "सुनंदा पाटोळेच्या खुनाबद्दल तुम्हाला अटक करतेय." मग बाकीच्या चौघींची नावं घेतली. दुकानातली गर्दी एक पाऊल मागे सरली. तो उठला, आणि पहिलं वाक्य काय बोलावं? "पण तो प्रश्न तर मिटला होता."

पाच आठवड्यांनी हायकोर्टानं दुर्गाप्पाची शिक्षा रद्द केली. मी तुरुंगाच्या दारात गेले होते. अडुसष्ट वर्षांचा माणूस कापडी पिशवी घेऊन बाहेर आला, त्याच्या बहिणीनं त्याला मिठी मारली, आणि दोघंही ओरडून रडली. नसरीनबाईंनी त्याचे अठ्ठावीस अर्ज एका फाइलीत लावून आणले होते. त्यानं फाइल चाळली आणि म्हणाला, "अक्षर सुधारलंय बघा शेवटी शेवटी." आम्ही सगळे हसलो, तोही हसला. त्या दिवशी मला जे वाटलं ते मला शोधनिबंधात लिहिता आलं नाही.

आप्पांची फेरी त्या वर्षी सोपी गेली नाही. हेरवाड्यांच्या भावकीनं दार लावून घेतलं. आणखी सात-आठ घरांनीही. पण तुंगसरच्या बायकांनी त्यांना थांबवलं आणि सांगितलं, आमची नावं लिहा. आता चोपडीत 'लेकी तीन' असं कुठं दिसलं की आप्पा विचारत बसतात, कुणाकुणाची नावं आठवतात. मी त्यांच्याशी बोललेल्या त्या शब्दांची माफी मागितली. ते म्हणाले, "खरं बोलत हुतीस. पर मीबी खरंच बोलत हुतो."

खटला उभा राहिला तेव्हा तानूबाईंची साक्ष लागणार होती. शोध शशिकांतपर्यंत कसा पोचला हे सिद्ध करायला आईनं कोर्टात उभं राहणं गरजेचं होतं. तिच्या घरच्यांनी खूप समजावलं, घरी बसून पडद्यावरून साक्ष देता येईल असंही सांगितलं. तिनं ऐकलं नाही. आप्पांच्या तीनचाकीत बसून ती मिरजेला आली, नवी साडी नेसून.

कोर्टाच्या व्हरांड्यात बाकावर आम्ही दोघी बसलो होतो. शिपायांनी शशिकांतला आणलं, हातात बेड्या. त्याच्या वकिलानं त्याला एवढंच सांगितलं होतं की त्याला जन्म देणारी बाई सापडली आहे. ती कोण, कशी, ते त्यानं विचारलं नव्हतं. आमच्यासमोरून जाताना तो थांबला. तानूबाई उठून उभी राहिली. साठ वर्षांनी ती त्याला पाहत होती. तिचा हात वर उठला, त्याच्या गालाच्या दिशेनं थोडासा गेला. तिनं हात खाली घेतला.

त्यानं शिपायाला विचारलं, "ही म्हातारी कोण? कुणाकडची?"

शिपाई माझ्याकडे बघायला लागला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात तानूबाईनंच उत्तर दिलं, ठणठणीत आवाजात, सगळ्या व्हरांड्याला ऐकू जाईल असं.

"मी सुनंदाकडची."

आणि पुकारा व्हायची वाट न बघता ती माझ्यापुढे चालत कोर्टात गेली.